माझ्या खिळ्यावरचा चिनी डोंगर

मी सीनरी बोलतेय. हो, तीच. सोफ्याच्या वर टांगलेली. आल्यागेल्यानं एकदा मान वर करून ‘छान आहे’ म्हणायचं आणि लगेच चहाच्या कपाकडे वळायचं, ती. आज तुम्ही जरा थांबलात म्हणून सांगून टाकते. मी मनानं मोठी वगैरे मुळीच नाही. माझा जळफळाट होतो आणि तो लपवायची मला सवय नाही.

दुकानातली छापील सीनरी मात्र मला समजू नका. तसल्या इथं लखनौच्या अमीनाबाद बाजारात ढिगानं मिळतात. एकाच चित्रात बर्फ, गुलाब, बदकं आणि लाल छपराची झोपडी. मी हातानं भरलेली आहे. भंडाऱ्यात एका उन्हाळ्यात नीलम नावाच्या मुलीनं दोसुती कापडावर एकेक टाका घालून मला उभं केलं.

नीलम तेव्हा कॉलेजात होती, एन.सी.सी.त होती. मुलींचा एक कॅम्प हिमालयात डोंगर चढायला जाणार होता आणि त्यात तिचं नाव निवडलं गेलं. घरी आधी कौतुक झालं. मग मामा आले, मग आत्या आल्या, आणि शेवटी असं ठरलं की लग्नाच्या मुलीला एवढ्या लांब कुठे पाठवायचं! नीलम रडली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात गेली आणि निळे, राखाडी, पांढरे दोरे घेऊन आली.

माझ्यात एक डोंगर आहे. उंच, माथ्यावर बर्फ असलेला. खालून एक पायवाट निघते आणि वळणं घेत घेत वर जाते. वाटेवर माणूस कुणी नाही. नीलमला तिथं जायचं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मला जन्मापासून पाठ आहे. मात्र ते वाचणारा कुणी भेटला नाही.

मुलगी बघायला लोक आले, की मला भिंतीवरून काढून त्यांच्या हातात देत. ‘हे आमच्या नीलमनं केलंय.’ कुणी म्हणे, टाके बारीक आहेत. एक बाई म्हणाल्या, “डोंगर कशाला गं भरलास? मोर करायचा होतास.” मग एकदा प्रफुल्ल रामटेके आले. रेल्वेत नवीनच ड्राफ्ट्समन म्हणून लागलेले, पुलांचे नकाशे काढायचे. इतके लाजरे, की मुलीकडे बघायची हिंमत होईना म्हणून माझ्याकडेच बघत बसले. शेवटी म्हणाले, “ऊन डावीकडून दाखवलंय, मग सावली उजवीकडे पडायला पाहिजे होती.” नीलमला हसू आलं आणि लग्न ठरलं.

अशी मी लखनौला आले. मानक नगरच्या क्वार्टरमध्ये, हॉलमध्ये, दारासमोरच्या भिंतीवर. माझ्यासमोर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिथं माझी काय बिशाद! त्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. बाकी सगळ्यांचा वाटला. कॅलेंडरचा वाटला, कारण त्याच्याकडे घरातलं माणूस रोज सकाळी बघतं. टीव्हीचा वाटला, कारण त्याच्याकडे सगळेच बघतात. रूपाली झाली, मोठी झाली आणि तिची सर्टिफिकेटं फ्रेम होऊन माझ्या शेजारी लागली, तेव्हा तर माझ्या पोटात दुखायला लागलं.

पण दुपार माझी होती. भांडी आवरून नीलम पंख्याखाली बसायची आणि माझ्याकडे बघायची. पायथ्यापासून सुरुवात करून सावकाश वर यायची. या लखनौत चढ म्हणाल तर रेल्वेच्या पुलाचा, बाकी सगळं ताटासारखं सपाट. त्या सपाटीत ती रोज माझ्याजवळ यायची आणि मी स्वतःला भाग्यवान समजायचे.

मग ती गुंडाळी घरात आली.

रूपाली दिल्लीला चिनी भाषा शिकली. आता घरी बसून कुठल्याशा कंपनीसाठी भाषांतर करते. तिला शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी तिला चीनहून आणलेलं एक चित्र भेट दिलं. लांबुडका कागद, वर-खाली गोल काठ्या, नको असेल तेव्हा गुंडाळून ठेवायचा. त्यावर नुसत्या काळ्या शाईनं काढलेला एक डोंगर, कड्यावर एक वाकडं झाड, वर उडणारा एक पक्षी. बाजूला मॅडमनी स्वतः जुन्या धाटणीत रचून लिहिलेल्या चार ओळी. ना रंग, ना दोरा, अर्धा कागद तर कोराच. आणि हे ध्यान लावायला घरात खिळा कुठला सापडावा? माझा!

“मम्मी, ये सीनरी पॅसेज में लगा दूँ? हॉलमध्ये थोडी आउटडेटेड वाटते यार.”

नीलम कणीक मळत होती. म्हणाली, “लाव कुठे लावायची तिथं.” मला वाटलं, पुढं काहीतरी म्हणेल. तिनं कणकेला पाणी लावलं.

मी पॅसेजमध्ये गेले. खाली चपलांचा स्टँड, शेजारी मीटरची पेटी. तिथून हॉलचा अर्धा भाग दिसतो आणि बोललेलं सगळं ऐकू येतं, हेच वाईट. कारण घरात जो येई त्याला रूपाली ती गुंडाळी समजावून सांगे. मला कधी कुणी समजावून सांगितलं होतं का? सवत घरात आली की पहिलीचं काय होतं, ते मला कुणी शिकवायला नको.

एका रविवारी चहाच्या वेळी प्रफुल्लनीच विचारलं, “हे काय लिहिलंय गं बाजूला?”

रूपाली पाय वर घेऊन बसली. “पप्पा, लिखा है कि ढग खाली राहिले, पक्षी अजून वर चाललाय, और झाड ने हवा की तरफ मुँह करके अपनी जगह पकड़ रखी है. बस.”

“म्हणजे डोंगराचं वर्णन.”

“नाही ना! यही तो मज़ा है. जुने चिनी कवी बहुतेक सरकारी नोकर असायचे. परीक्षा द्यायची, पोस्टिंगची वाट बघायची. अब बड़े साहब को सीधा कैसे बोलेंगे की मला मोठं काम द्या, मी लायक आहे? शोभत नाही. तो वो पहाड़ लिखते थे. उंच जागेवर चढून लांब बघायचं, म्हणजे मनात काहीतरी मोठं आहे. ये झाड पाइन है, पाइन मतलब बर्फ में भी झुकेगा नहीं. उंच उडणारा पक्षी म्हणजे मला वर जायचंय. कधी कधी तर असली कविता मोठ्या अधिकाऱ्याला पाठवायचे आणि तो समजून जायचा.”

“अर्ज न करता अर्ज,” प्रफुल्ल म्हणाले. त्यांना ते फारच आवडलेलं दिसलं.

“एक्झॅक्टली. आणि गंमत म्हणजे कवितेत ‘मी’ बऱ्याचदा येतच नाही. पहाड़ है, नदी है, देखने वाला कहीं नहीं है. पण कुणीतरी बघतंय, आणि त्याला काहीतरी हवंय, हे कळतं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अगं, मग मी काय करतेय इतकी वर्षं? माझ्याही वाटेवर माणूस नाही. मीही डोंगरच दाखवते. तुझ्या आईला जे म्हणता आलं नाही तेच मी दोऱ्यानं म्हणतेय, आणि तू मला चपलांच्या वर टांगलंस! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. शाईचा डोंगर परदेशातून आला म्हणून त्याला मन आहे, आणि भंडाऱ्याचा डोंगर तेवढा आउटडेटेड.

तेवढ्यात नीलमनं विचारलं, “आणि त्या साहेबाला कळलंच नाही तर?”

रूपाली हसली. “तो फिर बैठे रहो. कविता लिहीत राहा. बहुत सारे बैठे ही रह गए, मम्मी.”

नीलमनं रिकामे कप उचलले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून ती पंख्याखाली बसली आणि त्या गुंडाळीकडे बघू लागली. पायथ्यापासून सावकाश वर. माझी दुपारही गेली. त्या दिवशी माझ्या काचेवर कुणी हात ठेवला असता तर त्याला चटका बसला असता.

आता प्रफुल्लबद्दल सांगते. या माणसानं आयुष्यभर पुलांचे नकाशे काढले. दऱ्यांवरचे पूल, बोगद्यांच्या तोंडाशी असलेले पूल, आणि सगळे लखनौच्या टेबलावर बसून. त्यातला एकही डोंगरात उभा राहिलेला त्यांनी पाहिला नव्हता. ऑफिसातून एक टीम डोंगरातल्या नव्या मार्गावर दोन वर्षांसाठी जाणार होती. रिटायर व्हायच्या आधी तिच्यात आपलं नाव असावं, असं त्यांना फार वाटत होतं. पण बोलायचं नाही. वडिलांनी शिकवलेलं, कुणापुढे हात पसरायचा नाही. नावं ठरवणारे निगम साहेब रोज समोर दिसत आणि हे ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणून पुढे जात.

निगम साहेबांनी अलीगंजमध्ये घर घेतलं आणि गृहप्रवेशाचं निमंत्रण आलं. काय न्यायचं? नीलम म्हणाली, डिनर सेट. प्रफुल्ल पॅसेजमध्ये आले, माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, चप्पल शोधतायत.

“नीलम, ही देऊ या?”

“ही?”

“हाताचं काम आहे, दुकानात मिळणार नाही. आणि डोंगर आहे. रूपाली म्हणाली ना त्या दिवशी. साहेब शिकलेले आहेत, शेरोशायरी करतात. समजतील.”

“पप्पा, क्या बात है! एकदम चिनी तरीका,” आतून रूपाली ओरडली.

प्रफुल्लनी हळूच विचारलं, “तुझी हरकत नाही ना?”

“माझी कशाला हरकत,” नीलम म्हणाली. तिनं मला खाली काढलं, जुन्या वर्तमानपत्रानं काच पुसली. एकाच जागी खूप वेळ पुसत राहिली. मी मनातल्या मनात ओरडत होते. हा डोंगर तुझा आहे गं! याचा अर्ज तुझ्या नावाचा आहे, तो त्यांच्या नावानं कशी पाठवतेस? तिच्या मनातल्या इच्छेवर नवऱ्याच्या नावाचं लेबल लागत होतं आणि ती काच चमकवत होती.

आता खरं सांगते. मनात एक कोपरा खूशही होता. शेवटी मला कुणीतरी वाचणार होतं. त्या गुंडाळीला जे जमलं नाही ते मी करून दाखवणार होते, म्हणजे साहेबाच्या घरात जाऊन माणसाचं काम करून येणार होते. माझ्यावर कागद चढवताना हॉलमधली ती गुंडाळी दिसली, तेव्हा मी नाक मुरडलं.

अलीगंजच्या घरी गर्दी होती. टेबलावर भेटींचा ढीग होता, त्यात घड्याळंच जास्त. निगम साहेबांच्या बायकोनं, विभाताईंनी, माझा कागद काढला आणि त्या खरंच हरखल्या. “भाभी, ये आपने बनाया? हाथ से? हाय, कितनी महीन कढ़ाई है!” चिकनच्या भरतकामासाठी नावाजलेल्या गावातली बाई हे म्हणते म्हणजे काय! मी ताठ झाले.

निगम साहेब चष्मा लावून पुढे आले. प्रफुल्ल श्वास रोखून उभे होते.

“वाह रामटेके जी! बहुत सुंदर. सोफे के ऊपर के लिए एकदम सही साइज़ है.”

“सर, पहाड़ है,” प्रफुल्ल म्हणाले.

“हाँ हाँ, पहाड़ है.”

“ऊँचा है, सर.”

“काफ़ी ऊँचा है,” साहेब म्हणाले. “चलिए, कचौड़ियाँ ठंडी हो रही हैं.”

झालं. एवढंच. मला भिंतीला टेकवून ठेवलं आणि सगळे ताटांकडे वळले. माझी अशी फजिती कधी झाली नव्हती. प्रफुल्लचा चेहरा बघवत नव्हता. हा माणूस इतका मोठा निरोप घेऊन आला आणि तो सोफ्याच्या मापात बसला.

नीलम मात्र जागची हलली नाही. पदर खांद्यावर ओढून घेतला आणि तिच्या त्या भंडाऱ्याच्या हिंदीत स्पष्ट म्हणाली, “सर, इनको पहाड़ पे जाना है. वो जो टीम जा रही है ना, उसमें. ये बोलेंगे नहीं, इसलिए मैं बोल रही.”

प्रफुल्ल एवढेसे झाले. “अगं...” एवढंच म्हणाले.

निगम साहेब थांबले. “अरे! तो बोलना था ना, भाई! मैं तो समझा बिटिया यहाँ है, आप लखनऊ छोड़ेंगे ही नहीं. लिस्ट सोमवार को जानी है. आपसे अच्छा ड्रॉइंग कौन पढ़ता है?”

काम झालं होतं. तिनं आता ‘थँक यू सर’ म्हणून ताट घ्यायला हरकत नव्हती. पण तिची नजर माझ्याकडे गेली. मी भिंतीला तिरकी टेकलेली होते आणि माझा डोंगर एका बाजूला कलला होता. ती खाली वाकली, मला सरळ केलं.

“और मुझे भी जाना है,” ती म्हणाली.

सगळे हसले. साहेबही हसले. “भाभीजी, वहाँ क्या रखा है? ठंड, पत्थर, ढंग का बाज़ार तक नहीं.”

“पहाड़ तो है ना, सर,” नीलम म्हणाली. ती हसत नव्हती. हळूहळू बाकीच्यांचंही हसू थांबलं.

प्रफुल्लनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाआधी त्यांनी मला पाहिलं होतं ते सावली मोजायला. या वेळी त्यांनी पायवाट पाहिली. ती कुठून निघते, कुठे जाते आणि तिच्यावर कुणी कसं नाही, ते पाहिलं. मग मराठीत, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, “हे... तेव्हापासून?”

“तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात का?” ती म्हणाली आणि कचौडी घ्यायला निघून गेली.

तुम्ही म्हणाल, आता तरी ही बया खूश झाली असेल. कशाची खूश! इतकी वर्षं मी जे सांगत होते ते तिनं उभ्या उभ्या एका वाक्यात सांगून टाकलं, तेही मोडक्या हिंदीत. ती एवढं बोलू शकत होती तर मला भरायची गरज काय होती? मी तिच्या शब्दांवर जळले. माझ्याच बाईच्या तोंडावर जळले.

लिस्टमध्ये प्रफुल्लचं नाव लागलं. साइटच्या जवळच्या गावात त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली. रूपाली मानक नगरच्या घरी थांबली. आईला म्हणाली म्हणे, “मम्मी, जाओ ना यार, मैं मैनेज कर लूँगी.” निघण्याआधी नीलम विभाताईंचा निरोप घ्यायला इथं अलीगंजला आली होती. तिच्या पिशवीत लोकरीचे मोजे होते. तोपर्यंत मी सोफ्याच्या वर लागले होते. तिनं माझ्याकडे बघितलं, पण कसं? रिक्षा बाहेर उभी असताना माणूस घड्याळाकडे बघतं तसं. मग चहा संपवला आणि गेली.

आता मी इथंच असते. विभाताई बऱ्या आहेत. आठवड्याला काच पुसतात, पाहुण्यांना ‘हैंडवर्क है’ म्हणून दाखवतात. माझ्या खाली वायफायचा डबा लुकलुकतो आणि पोरं त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आदरानं बघतात. निळा दोरा जरा फिका पडलाय. तिकडे मानक नगरला त्या खिळ्यावर गुंडाळी अजून आहे, रूपाली तिला लोकांना समजावून सांगते आहे, आणि कळवायला वाईट वाटतं, पण माझी जळजळ अजून कमी झालेली नाही.

तुमच्याही घरात कुठेतरी एखादी सीनरी असेल. आईनं भरलेली, आजीनं भरलेली, मावशीनं कॉलेजात असताना रंगवलेली. तिला आउटडेटेड म्हणून पॅसेजमध्ये टांगण्याआधी जरा विचारा, हा डोंगर कशाला काढला होतास? एवढं विचाराल तर आमच्यासारख्यांवर चीनपर्यंत हेवा करत जायची पाळी येणार नाही.

परवा विभाताईंच्या मोबाइलवर एक फोटो आला. प्रफुल्लनी काढून पाठवला होता. विभाताईंनी फोन माझ्याशेजारी धरला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. मीही बघितलं. मोठा, मातकट, एका अंगानं खचलेला डोंगर. अर्धा ढगात. माझ्याइतका सुबक तर नाहीच नाही. आणि त्याच्यासमोर, खडीच्या ढिगाजवळ, जांभळा स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून नीलम उभी होती. फोटो काढताना तिला हाक मारली असणार, पण ती वळली नव्हती. मान वर करून उभी होती.

“अरे, इसमें तो भाभी का चेहरा ही नहीं आया,” विभाताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंद केला.

चेहरा होता ना. तो डोंगराकडे होता. इतकी वर्षं तो रोज दुपारी माझ्याकडे असायचा, आणि परवा पहिल्यांदा मला नीलमची नुसती पाठ दिसली.